बोरदऱ्याचा सांडवा

बीडकडे आठवडाभर राहायला जाते म्हटल्यावर पुण्यातल्या मैत्रिणींनी मला पाण्याची काळजी करायला लावली. तिकडे आंघोळीला तरी मिळेल का, असं एकीनं विचारलं. दुसरीनं पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणून दिल्या. मीही दोन मोठ्या बाटल्या भरून पिशवीत कोंबल्या. तीन वर्षं मराठवाड्यात पाऊस नीट झाला नव्हता आणि वर्तमानपत्रांतून आम्ही फक्त टँकर आणि रिकाम्या घागरींच्या रांगा बघत होतो. पण मी गेले ती सप्टेंबर सरता सरता, आणि त्या वर्षी परतीच्या पावसानं तो सगळा भाग झोडपून काढला. तहानेची तयारी करून गेलेली मी तिथे पाण्यालाच घाबरले. इतकी, की आजही कुठे भिंतीला ओल दिसली की माझा हात आपोआप तिच्यावर जातो.

मी एका लहानशा संस्थेत काम करत होते. खेड्यातल्या बायकांना हँडीकॅम चालवायला शिकवायचं. त्यांनी आपल्या गावाचा प्रश्न स्वतः टिपायचा, गावानं एकत्र बसून तो बघायचा आणि जमेल तेवढा आपला आपण सोडवायचा, अशी कल्पना. शहरात तेव्हा नुकते ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले होते. आता हे सगळं खेड्यातही पोचणार आणि खेडं बोलायला लागणार, असं आम्ही फार उत्साहानं म्हणायचो.

गावाचं खरं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून शेजारीशेजारी राहतात आणि या गोष्टीवरून अधूनमधून भांडतातही. आपण बोरदरा म्हणू.

वडवणीच्या पुढे

बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं धोतरं गुडघ्यापर्यंत धरून चिखल चुकवत होती. वडवणीच्या गाडीला माझ्या खिडकीची काच नव्हती. शेजारच्या बाईनं खताचं रिकामं पोतं काढलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं, आणि अख्खा रस्ता आम्ही दोघी ते पडद्यासारखं धरून बसलो. तिनं मला नाव विचारलं नाही, फक्त माहेर कुठलं ते विचारलं.

वडवणीला शोभा घ्यायला आली होती. बोरदऱ्यातले किराणा दुकानदार महादेवअप्पा यांची ही थोरली सून. बारावीपर्यंत शिकलेली, बायकांच्या बचत गटाचं कामकाज बघणारी. तिनं माझ्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी काढून घेतली आणि लेकरू धरावं तशी पदराखाली पोटाशी धरली.

तिथून पुढे जीप. गावाच्या अलीकडे नदीवर फरशीचा पूल आहे, कठडा नसलेला. पाणी पुलाच्या वरून, पातळ थरात, चमकत चाललं होतं. ड्रायव्हर खाली उतरला, विजार वर करून थोडं आत चालून गेला, परत आला आणि गाडी सुरू केली. मी पुढच्या सीटचा दांडा धरला. शोभा मात्र हसत होती.

"तीन वर्सांनी नदी आलीय ताई," ती म्हणाली. "लोक बघायला येतेत."

अप्पांचं घर

अप्पा उंच, सडपातळ, कपाळावर भस्माचे पट्टे. गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि त्यांची पूजा होईस्तोवर घरात ताट वाढलं जात नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं चहा मागितला आणि सगळं घर जरा अवघडलं. मग सासूबाईंनी मला एकटीला आत नेऊन चहा दिला, पाहुणीला नियम नसतो म्हणाल्या. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, घेणार का थोडा. इथे विचारणं हाच अपमान. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या पिठाची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चं तेल. नको म्हटलं की दुप्पट वाढतात.

आणि पाणी. तांब्या काठोकाठ भरून पुढे ठेवायचे आणि मी तो उचलेपर्यंत बघत राहायचे. मागचे तीन उन्हाळे पाहुण्याला अर्धा पेला देताना मान खाली जायची, असं अप्पांनी सांगितलं. आता गावावरचा पाझर तलाव भरला होता. विहिरींना पाणी चढलं होतं. आम्ही पुणेकर संध्याकाळी टेकडीवर फिरायला जातो तसं सगळं गाव रोज तलाव बघायला जायचं. नुसतं बघायचं आणि परत यायचं.

दुसऱ्या दिवशी शोभानं मलाही नेलं. दोन टेकड्यांच्या मधे मातीचा उंच भराव, त्याच्या एका अंगाला सांडवा. तलाव भरला की जादा पाणी भरावाला धक्का न लावता निघून जावं म्हणून ठेवलेली मोकळी वाट म्हणजे सांडवा. पण इथे ती वाट बंद होती. तिच्यावर मुरमाची पोती रचली होती, थरावर थर, माझ्या छातीपर्यंत. पोत्यांच्या आतल्या बाजूला पाणी अगदी वरच्या थरापर्यंत आलेलं, तपकिरी, जड आणि स्थिर. मी भरावावर उभी होते. एका हाताला ते पाणी माझ्या पायाच्या पातळीच्या थोडंसंच खाली, आणि दुसऱ्या हाताला खूप खोलवर ओढा आणि ओढ्याकाठची घरं. त्या घरांच्या छपरांकडे मी वरून बघत होते.

पानशेतचं धरण फुटलं होतं, हे पुण्याच्या माणसाला सांगावं लागत नाही.  मी शोभाला विचारलं, पोती कुणी टाकली. ती म्हणाली, गावानं. कल्पना भास्कररावांची. भास्करराव हे माजी सरपंच, मोसंबीच्या बागेचे मालक, गावातला शेवटचा शब्द त्यांचा. पण पोती सगळ्यांनी भरली, खालच्या घरांतल्या माणसांनीसुद्धा. वर्षभराचं पाणी वाहून जाताना बघवलं नसतं कुणाला.

खालची वस्ती

त्या ओढ्याकाठच्या घरांना खालची वस्ती म्हणतात. गावात ज्यांना सगळ्यांत शेवटी जागा मिळाली, त्यांची ही घरं. कॅमेरा शिकायला आलेल्या बायकांत तिथली सोजरबाई होती. पन्नाशीची, बोलायला बिचकणारी. कॅमेरा हातात घेताना तिनं आधी दोन्ही हात पदराला पुसले.

बायकांनी पहिल्या दिवशी शेळ्या टिपल्या, एकमेकींची तोंडं टिपली, आणि स्वतःचा आवाज ऐकून पदरात तोंड लपवून हसल्या. मग मी विचारलं, गावाचा कोणता प्रश्न घ्यायचा. रस्ता, दारू, शाळेचं छप्पर, नेहमीची नावं आली.  शेवटी सोजरबाई म्हणाली, माझ्या घरची भित बघायला चला.

आम्ही गेलो. मातीची भिंत कमरेपर्यंत काळी पडली होती. मी हात लावला तर गार आणि मऊ, भिजवलेल्या कणकेसारखी. पाऊस आहे म्हणून असेल, मी म्हटलं. सोजरबाई आम्हाला घरामागं घेऊन गेली. तिथून भरावाचा पायथा जवळ होता, आणि पायथ्याच्या गवतातून पाणी येत होतं. झरा असावा तसं, हळू, स्वच्छ, खालचे खडे दिसावेत इतकं नितळ. शोभानं ते टिपलं. वर गावातून रोज तलाव बघायला येणाऱ्यांनी ही बाजू बघितलीच नव्हती. सगळे पाण्याच्या बाजूनं बघून जात.

दुसऱ्याच दिवशी तलावांची पाहणी करत फिरणारा एक तरुण अभियंता जीपनं आला. त्याच्या हद्दीत असे बरेच तलाव होते आणि सगळेच भरलेले. त्यानं वाकून पाणी ओंजळीत घेतलं, उजेडात धरलं. पोती बघून त्याचा चेहरा उतरला. ती लवकर काढा, असं त्यानं भास्कररावांना बजावलं, आणि ते नुसती मान हलवत राहिले. जाताना आम्हा बायकांना तो म्हणाला, पाणी नितळ आहे तोवर भराव आतून धुपत नाही. गढूळ यायला लागलं तर आतली माती येतेय असं समजा, ताबडतोब फोन करा.

त्या संध्याकाळी शोभानं भास्कररावांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. मी नुसती बाजूला उभी होते. डोक्यावर पदर घेतलेली दुकानदाराची सून माजी सरपंचाला प्रश्न विचारतेय, हे बघायला बागेच्या कुंपणाशी माणसं जमली होती. भास्करराव बागेत तोडलेल्या खोडांच्या मधे उभे राहिले.

सोजरबाईला शोभानं तिच्या घरातच टिपलं. तिथे मी नव्हते. शोभा परत आली ती जेवली नाही.

फाटा

रात्रभर पाऊस पडला. सकाळी वीज गेली ती परत आलीच नाही. माझ्या मोबाइलला तिथे रेंज नव्हतीच. अप्पांच्या दुकानातल्या फोनमधून नुसती खरखर येत होती.

मी पिशवी भरली. अप्पांना सांगितलं की पुण्याहून निरोप होता, लवकर निघायला हवं. तसा काही निरोप नव्हता. अप्पांना ते कळलं असणार, पण ते फक्त म्हणाले की फाट्यापर्यंत कुणीतरी सोबतीला देतो. नको म्हणून मी एकटीच निघाले. फाट्यावर एका टपरीच्या आडोशाला उभी राहून मी गाडीची वाट बघत होते आणि मनाशी हिशेब करत होते की संध्याकाळपर्यंत बीड, सकाळी पुणे. टपरीवाला बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी त्यानं सांगितलं की फरशी पाण्याखाली गेलीय, आता ना गाडी येणार ना जाणार.

मी परत आले. पुढे लोक मला म्हणाले की तुम्ही थांबलात. मी थांबले नव्हते. मला जाता आलं नाही.

परतताना खालच्या वस्तीच्या वळणावर शोभा आणि सोजरबाई धावत वर येताना दिसल्या. शोभानं माझा दंड धरला.  पायथ्याचं पाणी लाल झालं होतं.

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. कालची ती नितळ धार आता मनगटाएवढी झाली होती आणि विटकरी रंगाची होती. तिच्या तोंडाशी बारीक मातीचं वर्तुळ साचलं होतं. शोभानं कॅमेरा लावला, थोडं टिपलं, आणि कॅमेरा बंद पडला. पडद्यावर थेंबाची खूण आली. आत दमट हवा शिरली की हे यंत्र स्वतःच चालायचं थांबतं, सुकेपर्यंत कॅसेटही बाहेर देत नाही. एवढं मला माहीत होतं. आत टिपलेलं शाबूत आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं.

शोभानं तो घरी नेऊन चुलीवरच्या फळीवर ठेवला. पावसाळ्यात काडेपेट्या आणि मीठ कोरडं राहावं म्हणून त्या घरात ती फळी आहे. सासूबाई शेजारी बसून जाळ बारीक ठेवत राहिल्या.

मारुतीपुढचा पत्रा

अप्पांनी गाव बोलावलं. दुपारी मारुतीपुढच्या पत्र्याखाली पुरुष बसले, बायका मागे भिंतीला धरून. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की माणसं ओरडून बोलत होती.

अभियंता काय म्हणाला होता ते मी सांगितलं. एक जण म्हणाला, पावसात समदंच पाणी गढूळ असतं. दुसरा म्हणाला, पुण्याच्या बाईला काय कळतंय. सोजरबाई उभी राहिली. तिनं एक वाक्य सुरू केलं आणि तिघांनी ते मधेच तोडलं. खालच्या वस्तीला दर पावसात ओल असती, असं कुणीतरी म्हणालं. ती तशीच खाली बसली. भास्करराव खांबाला टेकून ऐकत होते. पोती काढा असं बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाची इच्छाही नव्हती. अप्पांचीसुद्धा. गावात पाणी असेल तर दुकानात गिऱ्हाईक. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं तो काठोकाठ भरलेला तांब्या होता.

तेवढ्यात शोभा कॅमेरा घेऊन आली. तो चालू झाला होता. अप्पांच्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवायचा बेत होता, पण वीज नव्हती. कॅमेऱ्याला बाजूनं उघडणारा छोटा पडदा असतो, तळहातापेक्षा लहान. त्यावर तीन-चार डोकी जवळ आणली तरच दिसतं. आणि बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकत होती.

 शोभानं सासऱ्यांकडे बघितलं. अप्पांनी मान हलवली. मग ती पुरुषांच्या मधून चालत गेली, त्या गावात सून तशी चालत नाही, आणि कॅमेरा भास्कररावांच्या हातात दिला.

बाकीचे पुढं सरकले. आवाज इतका बारीक होता की पावसात काही ऐकू येईना, म्हणून ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी बाकीच्यांना गप्प केलं. हळूहळू पत्र्याखाली कुणीच बोलेनासं झालं.

शोभा बटणं दाबून कॅसेट मागंपुढं पळवत हवा तो तुकडा लावत होती. आधी स्वतः भास्करराव होते, बागेत. "ही बाग माझ्या हातानं लावली," पडद्यावरचे भास्करराव म्हणत होते. "मागच्या उन्हाळ्यात माझ्याच हातानं तोडली. ज्यानं हे केलंय, त्याला पाणी जाऊ द्या म्हणू नका." मागं बायकांत बसलेली सोजरबाई मान वर करून ऐकत होती.

मग पायथ्याची नितळ धार. लगेच पाठोपाठ लाल धार. मधली रात्र त्या कॅसेटवर नव्हती, म्हणून बदल एकदम डोळ्यांवर आला. कुणीतरी तोंडानं च्‌च्‌ केलं.

मग सोजरबाई, आपल्या घरात, भिंतीला पाठ लावून. सभेत बिचकणारी ती बाई शोभासमोर सरळ बोलत होती.

"मी पाणी सोडा मनत न्हाई. मलाबी पाणी पायजे. तीन वर्सं मीबी डोक्यावर आनलंय. पर लेकरं झोपली की मी भितीला हात लावून बसती. मला येवढंच इचारायचंय, आमी झोपावं का न्हाई? कुनीतरी सांगा."

त्या पडद्यातल्या बाईला मधेच तोडता येत नव्हतं. ती बोलायची थांबली तरी कॅमेरा थोडा वेळ तिच्यावर होता, आणि ती उत्तराची वाट बघत असावी तशी समोर बघत होती.

भास्कररावांनी कॅमेरा खाली केला. पुन्हा दाखव म्हणाले. शोभा म्हणाली की बॅटरी पुरणार नाही. त्यावर ते म्हणाले, "मग ह्यांना दाखव," आणि कॅमेरा शेजारच्याकडे दिला. तो हातोहात फिरत राहिला. माणसं वाकून बघत होती, पुढच्याला देत होती. एका म्हाताऱ्याच्या हातात असताना पडदा काळा पडला.

 मग भास्कररावांनी मागं वळून, त्या दिवसात पहिल्यांदाच, सोजरबाईला विचारलं, "तुमची माणसं शाळेत यायला किती येळ लागंल?"

पोती

इथून पुढचं मी लिहून ठेवते, कारण ते कुठल्याही कॅसेटवर नाही. बॅटरी संपली होती.

खालची वस्ती वरच्या गावातल्या शाळेत आली. म्हातारी माणसं पाठीवर, कोंबड्या टोपलीत, एक आजारी बाई बाजेवर. शेळ्या अप्पांच्या गोदामात. शेवटचं घर रिकामं झाल्याचं सोजरबाईनं स्वतः वर येऊन सांगितलं, तेव्हाच माणसं सांडव्यावर गेली.

सगळी पोती एकदम काढली तर तो लोंढाच घरांवर जाणार होता. म्हणून एका टोकाकडून, एक थर, थोडं थांबून दुसरा थर. आत उतरणाऱ्यांच्या कमरेला दोर, दोराची टोकं बाभळीच्या बुंध्याला वेढे देऊन मागं धरलेली. त्यातलं एक टोक धरणाऱ्यांत मी होते. मला पोहता येत नाही, आणि पायाखालची जमीन कापत होती. पाणी सुटल्यावर जमीन इतकी थरथरते हे मला ठाऊक नव्हतं. मी मनातल्या मनात काय काय म्हणत होते ते आठवत नाही, पण माझे ओठ हलत होते असं शोभानं नंतर सांगितलं.

पहिलं पोतं ओढलं आणि पाण्यानं दुसरं आपणच घेतलं. मग तिसरं. भास्करराव आत उतरलेल्यांत होते. ते घसरले, कमरेपर्यंत दिसेनासे झाले, आणि आमचा दोर ताठ झाला. माझे हात सोलून निघाले. आम्ही मागं रेटा दिला, कुणाचा तरी खांदा माझ्या पाठीला होता, आणि ते दगडाला धरून वर आले. थुंकले, डोळे पुसले, पुन्हा खाली वाकले.

अंधार पडायच्या आत सांडवा मोकळा झाला. खाली ओढ्याचा आवाज आगगाडीसारखा येत होता. वर उभं राहून गाव आपलं पाणी जाताना बघत होतं. एक बाई रडत होती. ती वरच्या गावातली होती.

सोजरबाईची ओढ्याकडची भिंत त्याच संध्याकाळी बसली. पाण्यानं की ओलीनं, कुणी सांगू शकलं नाही. घरात कुणी नव्हतं. तिनं जाऊन बघितलं, परत आली आणि शाळेत चुलीसाठी दगड मांडायला लागली. मी तिच्याजवळ गेले. तिनं मला कांदा चिरायला दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भरावाचा खालच्या बाजूचा एक मोठा लचका घसरून पायथ्याशी आला. तोवर पाण्याची पातळी पुरुषभर उतरली होती. भराव उभा राहिला. रस्ता खुला झाल्यावर अभियंता आला, त्या घसरलेल्या जागेभोवती दोनदा फिरला. पाणी तसंच असतं तर काय झालं असतं, असं मी विचारलं. सांगता येत नाही, असं तो म्हणाला, आणि रुमाल काढून मानेवरून फिरवत राहिला. दुरुस्तीसाठी तलाव आणखी रिकामा करावा लागेल, हेही त्यानंच सांगितलं. ते ऐकून जमलेली माणसं एकेक करून निघून गेली.

परत

मला वडवणीपर्यंत सोडायला भास्करराव स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. मी मडगार्डवर बसले होते. फरशीवर पाणी अजून होतंच, चाकांच्या निम्म्यापर्यंत. त्यांनी वेग न बदलता ट्रॅक्टर आत घातला आणि मी डोळे मिटले. पलीकडे निघाल्यावर त्यांनी विचारलं, भीती वाटती का. हो म्हटलं. तुम्हाला नाही वाटली का, आत उतरताना?

"पाण्याची न्हाई वाटली," ते म्हणाले. "पोती काढा म्हणल्यावर लोक माझ्याकडं कसं बघतील, त्याची वाटली."

 राहिलेली झाडं या उन्हाळ्यात जातील, असं ते पुढे मधेच म्हणाले. वडवणीच्या स्टँडवर त्यांनी इंजिन बंद केलं नाही, पण उतरून माझी पिशवी खाली दिली.

"ती क्यासेट तुमच्यापाशी हाय?"

होती. कॅमेरा बचत गटाकडेच राहणार होता, पण टिपलेली कॅसेट पुण्याला न्यायची, संस्थेत दाखवायची, असं ठरलेलं होतं. मला वाटलं, ते ती कुणाला दाखवू नका म्हणतील.

"गावात ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उन्हाळ्यात समदे मला इचारतील, पाणी कावून सोडलं. तवा मला बोलता यायचं न्हाई."

मी कॅसेट काढून दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, वरचं बटण लावलं आणि ट्रॅक्टर वळवला.

पुढच्या उन्हाळ्यात बोरदऱ्याला टँकर लागला. शोभाचा फोन यायचा. टँकरपाशी भांडणं होतात, खालच्या वस्तीपायी पाणी गेलं असं काही जण तोंडावर म्हणतात, असं ती सांगायची. असं काही झालं की त्या संध्याकाळी भास्करराव अप्पांच्या दुकानात येतात आणि बोलणाऱ्यांना बोलावून टीव्हीवर कॅसेट लावायला सांगतात. सोजरबाईचं बोलून होईस्तोवर बसतात. स्वतःचा भाग मात्र त्यांनी मारुतीपुढच्या त्या दुपारनंतर एकदाही बघितलेला नाही. तो संपेपर्यंत ते बाहेर जाऊन उभे राहतात.